मोडेस्टोतला एक तास: बिली ग्रॅहम, मोहांची यादी आणि यादीत न आलेला मोह

आधी परिस्थिती सांगतो. १९४८ सालचा नोव्हेंबर, अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं मोडेस्टो नावाचं गाव, तिथे दोन आठवड्यांच्या सुवार्ता सभा, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायच्या जाहीर सभा, चालू आहेत आणि संदेश देणारा माणूस नुकताच तीस वर्षांचा झालाय. बिली ग्रॅहम. आज हे नाव घेतलं की भरलेली स्टेडियम डोळ्यासमोर येतात, पण तेव्हा त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं, लॉस एंजेलिसच्या ज्या तंबूतल्या सभांनी ते देशभर गाजले त्या अजून वर्षभर लांब होत्या. सोबत तीन सहकारी, लहानपणापासूनचे मित्र ग्रेडी विल्सन, गाणी चालवणारे क्लिफ बॅरोज आणि गायक जॉर्ज बेव्हर्ली शे. एक दिवस ग्रॅहमनी या तिघांना बोलावलं आणि म्हणाले, आपापल्या खोलीत जा, एक तास घ्या, आणि गावोगाव फिरणारे सुवार्तिक कुठे कुठे घसरतात, लोकांचा विश्वास कशाने उडतो, ते आठवेल तसं लिहून काढा.

तासाभराने सगळे परत आले तर याद्या जवळजवळ सारख्याच. पैसा. परस्त्रीचा मोह. गावातल्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, आणि त्यांच्या पाळकांची निंदा. आणि आकडे फुगवणं, म्हणजे दोनशे माणसं आली तर पाचशे सांगायची. या चारही बाबतीत आपण काय करायचं आणि काय नाही हे त्यांनी तिथेच आपसात ठरवलं. कायद्याचा मसुदा वगैरे केला नाही, सह्या नाहीत, शिक्का नाही, आपसातला शब्द होता. पुढे बॅरोज त्याला 'मोडेस्टो मॅनिफेस्टो' म्हणायला लागले आणि तेच नाव टिकलं.

हे प्रकरण मी अभ्यासाला का घेतलं ते सांगतो. आपल्याकडे मोहाबद्दल बोलणं निघतं ते कोणीतरी पडल्यावर. पाळक पडला, खजिनदार पडला, मग मंडळीच्या पंचांची मीटिंग, मग कुजबुज, मग दोन गट. इथे चार तरुण माणसं पडायच्या आधी बसली, आणि 'आम्ही प्रभूचे सेवक, आम्हाला काय होतंय' असं म्हणाली नाहीत. बायबलमध्ये पौल करिंथकरांना लिहितो ना, की दुसऱ्यांना घोषणा करून झाल्यावर मीच नापसंत ठरायला नको म्हणून मी माझ्या शरीराला कह्यात ठेवतो, ती भीती या चौघांना खरोखर वाटत होती. ती भीती मला फार मोलाची वाटते आणि आपल्या मंडळ्यांमध्ये ती कमी कमी होत चाललीय.

आता एकेक करून बघू, पण सगळ्याला सारखा वेळ देणार नाही. मंडळ्यांची निंदा आणि आकडे हे दोन पटकन सांगतो. निंदेचं असं की जिथे सभा घ्यायची तिथल्या मंडळ्यांना सोबत घेऊनच घ्यायची, त्यांच्या पाळकांबद्दल व्यासपीठावरून वाईट बोलायचं नाही. आणि गर्दीचा आकडा आपण ठरवायचा नाही, पोलीस किंवा मैदानाचा मॅनेजर सांगेल तो घ्यायचा, जरी आपल्याला जास्त वाटत असले तरी. संदेश ऐकून व्यासपीठापाशी येणाऱ्या लोकांना 'तारण झालेले' न म्हणता 'चौकशी करणारे' म्हणायची पद्धतही त्यांनी पाडली, कारण माणसाचं अंतःकरण बदललं का नाही हे देवाला माहीत, आपण कोण मोजणारे. आजकाल व्हॉट्सॲपवर सभांचे जे आकडे फिरतात ते बघून मला हा मुद्दा दरवेळी आठवतो.

पैशाचं मात्र नीट सांगायला हवं कारण तिथे शब्द दिला आणि लगेच निभावला असं झालं नाही. त्या काळची पद्धत अशी होती की सभांच्या शेवटच्या दिवशीचं सगळं दान सुवार्तिकाचं, त्याला तिकडे 'लव्ह ऑफरिंग' म्हणत. हिशेब कोणी विचारायचं नाही. मोडेस्टोत ठरलं की पैशाच्या मागे लागायचं नाही, शक्यतो स्थानिक कमिटीच्या हातात पैसा ठेवायचा. पण पद्धत तीच राहिली. १९५० मध्ये पोर्टलंडच्या सभांमध्ये रेडिओ कार्यक्रम सुरू करायचं निघालं, त्याला २५ हजार डॉलर लागणार होते, लोकांनी मागच्या बाजूला येऊन बुटांच्या खोक्यात पैसे आणि वचनाच्या चिठ्ठ्या टाकल्या, २३,५०० जमले, आणि हॉटेलवर परतले तर तिथे आलेल्या पाकिटांतून बरोबर उरलेले दीड हजार निघाले. प्रार्थनेचं उत्तर म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि ती सांगावीच. पण त्यातला दुसरा भाग लोक गाळतात. तो खोका रात्री हॉटेलवरच होता, आणि बँकेत भरायचे तर कोणाच्या नावावर? स्वतःच्या नावावर भरले तर ते स्वतःचं उत्पन्न झालं, कर लागणार, आणि मुख्य म्हणजे देवाचा पैसा आपल्या खात्यात. तेव्हा त्याच वर्षी रीतसर संस्था काढली, बिली ग्रॅहम इव्हँजेलिस्टिक असोसिएशन, मिनियापोलिसला ऑफिस.

आणि तरीही डिसेंबर १९५० ला अटलांटात फटका बसलाच. सभा संपल्यावर तिथल्या पेपरने शेजारी शेजारी दोन फोटो छापले, एकात पैशांच्या थैल्या उचलून चाललेले स्वयंसेवक आणि दुसऱ्यात गाव सोडताना हात हलवत हसणारे ग्रॅहम. खोटं एक अक्षर नाही त्यात, पण बघणाऱ्याने काय समजायचं ते समजला. ग्रॅहमना ते फार लागलं. त्यांनी वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला आणि शेवटच्या दिवसाचं दान घेणंच बंद करून संस्थेकडून ठराविक पगार घ्यायला लागले, वर्षाला १५ हजार डॉलर, म्हणजे शहरातल्या मोठ्या मंडळीच्या पाळकाला मिळेल तेवढा. पुढच्या ज्या सभांना लाखो माणसं आली त्यांचं 'लव्ह ऑफरिंग' काय झालं असतं विचार करा.

इथेही एक डाग आहे आणि तो झाकायचा नाही. १९७७ मध्ये शार्लटच्या एका पेपरने बाहेर काढलं की ग्रॅहम यांच्या संस्थेशी जोडलेला जवळजवळ २३ मिलियन डॉलरचा एक फंड डॅलसला आहे आणि देणगी देणाऱ्या सामान्य लोकांना त्याचा पत्ताच नाही. पैसा कोणी खाल्ला नव्हता, तो शिक्षण आणि सुवार्तेच्याच कामासाठी होता, बेकायदेशीरही नव्हतं. पण सांगितलं नव्हतं. त्यानंतर हिशेब जास्त उघडे झाले आणि १९७९ ला ख्रिस्ती संस्थांनी एकमेकांच्या आर्थिक शिस्तीवर लक्ष ठेवणारी जी परिषद काढली तिच्यात ग्रॅहम यांची संस्था पुढे होती. माझ्या मते हेच उत्तरदायित्व, चूक झाली नाही असं नाही, पण बाहेरच्याने बोट ठेवलं तेव्हा दार बंद करून बसले नाहीत.

हे किती मोठं आहे ते पुढच्या दहा वर्षांत कळलं. १९८७ मध्ये टीव्हीवरचे सुवार्तिक जिम बेकर पडले, १९८९ ला पैशाच्या फसवणुकीत तुरुंगात गेले. १९८८ च्या फेब्रुवारीत तसेच टीव्हीवरचे सुवार्तिक जिमी स्वॅगर्टनी कॅमेऱ्यासमोर रडत 'मी पाप केलंय' म्हटलं, ते जगाने बघितलं. त्या सगळ्या वादळात ग्रॅहम यांच्यावर पैशाचा किंवा बाईचा एक शिंतोडा उडाला नाही. आणि ते बेकरना तुरुंगात जाऊन भेटून आले, हेही नोंदवून ठेवावंसं वाटतं.

आता परस्त्रीचा मुद्दा, ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. नियम असा की बायको सोडून दुसऱ्या बाईबरोबर एकट्याने प्रवास नाही, जेवण नाही, भेट नाही. महिनोन्महिने घराबाहेर, रोज नवीन हॉटेल, रोज हजारो लोकांचं कौतुक, अशा माणसासाठी हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. १९८९ ला लिटल रॉकला हिलरी क्लिंटननी जेवायला बोलावलं तेव्हाही त्यांनी आधी नाही म्हटलं आणि मग हॉटेलच्या सगळ्यांना दिसणाऱ्या डायनिंग रूममध्ये दोघं जेवले.

पण हा नियम पुढे 'बिली ग्रॅहम रूल' म्हणून बाकीच्यांनी उचलला तेव्हा त्याचं काहीतरी वेगळंच झालं. ऑफिसमधल्या बाईला बॉसबरोबर पाच मिनिटं बोलता येईना कारण ती 'मोह'. २०१७ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांचा हाच नियम चर्चेत आला तेव्हा बायकांनी हेच विचारलं, की आम्ही काय रस्त्यातला खड्डा आहोत का? प्रश्न बरोबर आहे. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय काढून बघा, तिथे म्हटलंय की माणूस ओढला जातो तो स्वतःच्याच वासनेने, आणि मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. समोरच्या बाईचा तिथे उल्लेखच नाही. देवानेही मोहात घातलं असं म्हणायचं नाही, असं याकोब त्याच्या आधीच्याच ओळीत बजावतो. हिशेब ज्याचा त्याचा.

आणि नियम तोंडात असला की तो जगण्यात असतोच असं नाही. रवी झकरायस यांचं आठवा, आपल्या मद्रासचा जन्म, जगभर ख्रिस्ती विश्वासाची बाजू मांडणारे. २०१७ मध्ये त्यांच्यावर आरोप आला तेव्हा त्यांनी जाहीर सांगितलं की बायको आणि मुलींशिवाय कुठल्याही बाईबरोबर एकटं न राहण्याची माझी पद्धत आहे, गाडीत नाही, हॉटेलात नाही. मे २०२० ला ते वारले. फेब्रुवारी २०२१ ला त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला आणि त्यात मसाज करणाऱ्या बायकांशी वर्षानुवर्षं केलेलं लैंगिक गैरवर्तन मांडलेलं होतं. मी त्यांची व्याख्यानं ऐकत आलोय, मुलांना ऐकवलीत, तो अहवाल वाचून दोन दिवस मला प्रार्थनाच करता आली नाही. ज्यांनी आधी तोंड उघडलं त्या बाईवर संस्थेने विश्वास ठेवला नाही, उलट तीच खोटी ठरली. मोडेस्टोत चार जण होते, एकमेकांना विचारू शकत होते. इथे विचारायचं कोणी?

इथपर्यंत हे प्रकरण 'ग्रॅहमनी कसं बरोबर केलं' असं वाटेल, आणि बऱ्याच ठिकाणी ते तसंच शिकवतात आणि थांबतात. मला खरं बोलायचंय ते याच्या पुढचं.

त्या तासाचा प्रश्न परत वाचा. सुवार्तिक कुठे घसरतात. म्हणजे आपल्या धंद्यातले, क्षेत्रातले लोक. 'मी कुठे घसरतो' असा प्रश्न नव्हता. म्हणून तर सगळ्या याद्या सारख्या निघाल्या! बॅरोजचा मोह आणि विल्सनचा मोह एकच कसा असेल? याकोब म्हणतो ज्याची त्याची वासना, ती चौघांची चार वेगवेगळी असणार. पैसा आणि बाई हे त्या क्षेत्राचे ठरलेले खड्डे होते, त्यावर त्यांनी झाकण घातलं, चांगलं केलं. पण बिली ग्रॅहम या एका माणसाला आतून काय ओढत होतं ते त्या कागदावर आलंच नाही.

ते काय होतं हे दोनच वर्षांत दिसलं होतं. जुलै १९५० ला ते राष्ट्राध्यक्ष ट्रूमनना भेटले, आत प्रार्थना केली, आणि बाहेर आल्यावर पत्रकारांना आत काय बोलणं झालं ते सांगून टाकलं आणि फोटोग्राफर म्हणाले म्हणून व्हाइट हाउसच्या हिरवळीवर गुडघे टेकून परत दाखवलं. ट्रूमन चिडले ते चिडलेच. ग्रॅहमना लाज वाटली, शिकलो म्हणाले. पण शिकले ते एवढंच की आतलं बाहेर बोलायचं नाही. आत जाणं काही सुटलं नाही.

जानेवारी १९५६ ला ते भारतात आले. मुंबईत तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची आग पेटलेली, गोळीबार चालू, त्यांची ठरलेली मोठी सभा रद्द झाली. दक्षिणेत मात्र प्रचंड गर्दी झाली. आपल्याकडे त्या दौऱ्याच्या आठवणी भक्तिभावानेच सांगतात, पण निघायच्या आधी ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांना भेटून आले होते आणि इथे दिल्लीत नेहरूंना भेटले. रशियाचे नेते नुकतेच भारतात येऊन गेले होते, त्यामुळे अमेरिकेला ग्रॅहम यांच्या दौऱ्यात रस होता. सुवार्तिक आणि सरकारचा माणूस यातली रेघ कुठे पुसट झाली हे त्यांना स्वतःला कळलं असेल का, शंका वाटते.

आणि मग निक्सन. पन्नासच्या दशकापासूनची मैत्री, १९७० मध्ये टेनेसीच्या सभेत राष्ट्राध्यक्ष निक्सन थेट व्यासपीठावर. १ फेब्रुवारी १९७२ ला ओव्हल ऑफिसात निक्सन, त्यांचे सहकारी हॉल्डमन आणि ग्रॅहम बोलत बसले होते. ज्यू लोकांचा विषय निघाला, मीडियावर त्यांची पकड आहे वगैरे. ग्रॅहम नुसते गप्प बसले नाहीत. ही पकड मोडली पाहिजे नाहीतर देश बुडेल असं म्हणाले, आणि असंही की माझे ज्यू मित्र माझ्याभोवती असतात पण मला खरं काय वाटतं ते त्यांना माहीत नाही. खोलीत टेप चालू होती.

१९९४ मध्ये हॉल्डमन यांच्या डायरीतून याची कुणकुण आली तेव्हा ग्रॅहमनी असं मी बोललोच नाही म्हणून साफ नाकारलं. २००२ मध्ये टेपच बाहेर आली. तीस वर्षं. हॉटेलच्या खोलीत बाईबरोबर एकटं बसायचं नाही असा नियम होता, राष्ट्राध्यक्षाबरोबर एकटं बसायचं नाही असा नव्हता.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशूची परीक्षा आहे, आपण दर उपवासकाळात वाचतो. भाकर, मंदिराचं टोक, आणि तिसरी, उंच डोंगरावरून सगळी राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवून 'हे सगळं तुला देतो'. मोडेस्टोच्या चौघांनी हा अध्याय कितीतरी वेळा वाचला असेल, त्यावर संदेश दिले असतील. तरी तो डोंगर यादीत आला नाही. मला वाटतं याचं कारण साधं आहे, १९४८ च्या नोव्हेंबरात कोणी त्यांना डोंगरावर नेलेलंच नव्हतं. आणि दुसरं, पैसा घेताना माणसाला निदान कळतं की मी घेतोय. मोठ्या माणसाने आपल्याला जवळ केलं की ते सेवेचं दार उघडल्यासारखंच वाटतं. निक्सनच्या खोलीत त्यांनी पैसा मागितला नाही, पद मागितलं नाही, फक्त समोरच्या मोठ्या माणसाला बरं वाटेल ते बोलले. आपण सगळे हे करतो.

काही जण म्हणतात त्या काळी सगळेच असं बोलायचे, आणि राष्ट्राध्यक्षासमोर कोण नाही म्हणणार. मला हे पटत नाही. संदेष्टा नाथान दावीदासमोर उभा राहिला तेव्हा समोर राजाच होता, बथशेबाशी केलेला व्यभिचार आणि तिचा नवरा उरीया याला मारवल्याचं प्रकरण झाकलं गेलेलं होतं, आणि तो म्हणाला तो मनुष्य तूच. निक्सनला त्या वर्षी नाथान हवा होता, व्हाइट हाउसमधली पापं तेव्हा शिजतच होती. नाथानाच्या जागी जो बसला होता त्याने मान डोलावली.

टेप आल्यावर ग्रॅहम ८३ वर्षांचे, आजारी. पहिलं निवेदन आलं त्यात बोलल्याचं आठवत नाही पण खेद आहे असं होतं. ते मला पुरेसं वाटत नाही, 'आठवत नाही' हा शब्द पश्चात्तापात शोभत नाही. पण तिथेच थांबले नाहीत. पुढे जास्त स्पष्ट माफी मागितली आणि जूनमध्ये सिनसिनाटीला सभा होती तेव्हा तिथल्या ज्यू पुढाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून माफी मागितली. स्तोत्र ५१ मध्ये दावीद म्हणतो तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं, आणि बरेच लोक ही ओळ धरून माणसाची माफी मागायचं टाळतात, देवाशी मिटवलंय म्हणतात. ग्रॅहमनी ज्यांच्याबद्दल बोलले त्यांच्यासमोर जाऊन मिटवायचा प्रयत्न केला. २०११ च्या एका मुलाखतीत परत संधी मिळाली तर काय वेगळं कराल या प्रश्नावर, राजकारणापासून लांब राहिलो असतो, कधी कधी मी रेघ ओलांडली, असं सांगितलं. २१ फेब्रुवारी २०१८ ला ९९ व्या वर्षी गेले.

मागच्या उपवासकाळात मी हे सगळं आमच्या पंचांसमोर मांडलं. आम्ही नऊ जण. मी म्हटलं आपणही कागद घेऊया, एक तास नको, वीस मिनिटं. सगळ्यांनी लिहिलं आणि वाचलं. दानार्पण मोजताना दोघं हवेत, खजिनदाराची मुदत ठरवा, पाळकसाहेबांनी घरभेटीला पाळकीणबाईंना सोबत न्यावं, तरुणांनी मोबाईल कमी करावा. चांगले मुद्दे, चारपाच ठराव तिथल्या तिथे पास झाले आणि चालूही आहेत. मग मी म्हटलं आता दुसरा कागद, यावर फक्त स्वतःचं लिहायचं, वाचून दाखवायचं नाही, एका विश्वासातल्या माणसाला द्यायचा.

बराच वेळ पंखाच तेवढा वाजत होता. आमचे सगळ्यात वयस्कर पंच, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांनी सगळ्यात आधी लिहिलं, घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली, म्हणाले, दर महिन्याला विचार मला. मी माझा कागद त्यांना दिला. बाकीच्या सातांपैकी तिघांनी त्या दिवशी दिले, दोघांनी पुढच्या रविवारी. आबा मला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी गाठतात, बाजूला घेतात आणि विचारतात, त्या कागदाचं काय झालं. दोन वेळा मी खोटं बोललो. तिसऱ्या वेळी त्यांना खरं सांगितलं.